शोकाची मुदत

‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या पाचव्या प्रकरणात एक अंत्ययात्रा आहे. एका दरिद्री बाईची. ती उपाशीपोटी, थंडीत, दिवाबत्तीवाचून मेलेली आहे. तिच्यासाठी रस्त्यात भीक मागितली म्हणून नवऱ्याला तुरुंगात टाकलेले होते. तो परतला तेव्हा ती शेवटच्या घटका मोजत होती. शवपेटी पॅरिशच्या, म्हणजे त्या भागाच्या चर्चमंडळाच्या खर्चाने येते. नवरा आणि मृत बाईची म्हातारी आई यांना शोकप्रसंगी पांघरायचे काळे झगे मिळतात, पण ते उसने. दफनविधीला पाद्री तासभर उशिरा येतो आणि चारेक मिनिटांत विधी आटोपतो. दफन झाल्यावर सोवरबेरी हा अंत्यसामान पुरवणारा गृहस्थ म्हातारीच्या अंगावरचा झगा काढून घेतो. शेवटी म्हातारी त्या झग्यासाठीच विलाप करत राहते, असा डिकन्सने तो प्रसंग लिहिला आहे.

ही कादंबरी आम्ही पुष्कळ वर्षे वर्गात शिकवली. विद्यार्थ्यांना फेगिन आठवतो, बिल साइक्स आठवतो, वाडग्यात आणखी थोडे मागणारा ऑलिव्हर तर सर्वांनाच आठवतो. उसना झगा कुणाला आठवत नाही. आम्हालाही तो बराच काळ केवळ डिकन्सच्या तपशीलप्रेमाचा नमुना वाटत होता. पुढे इंग्लंडमधील दारिद्र्यविषयक कायद्यांचा आणि विधवांच्या निवृत्तिवेतनाचा इतिहास वाचताना ध्यानात आले की त्या झग्यात एक संपूर्ण धोरण आहे. घरातले माणूस गेल्यावर कुटुंबाला काही द्यावयाचे, हे राज्यसंस्थेला मान्य असते. ते परत केव्हा घ्यावयाचे, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न असतो. ब्रिटनने या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांत जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्रारंभ १८३४ च्या नव्या पुअर लॉपासून करावा लागतो. या कायद्यामागची भूमिका सर्वपरिचित आहे: मदत हवी असेल त्याने वर्कहाउसमध्ये यावे, आणि तेथील जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही नकोसे असावे. धडधाकट माणसांना घरी राहून मिळणारी मदत बंद व्हावी, हा आग्रह होता. प्रत्यक्षात ती पूर्णपणे कधीच बंद झाली नाही. २१ डिसेंबर १८४४ रोजी निघालेल्या मनाई-आदेशात अनेक अपवाद करावे लागले. त्यांतले दोन आपल्या विषयाचे आहेत. वैधव्याच्या पहिल्या सहा महिन्यांत विधवेला घरी राहून मदत मिळू शकेल, हा एक. पदरी स्वतः कमावू न शकणारे औरस मूल असेल आणि वैधव्यानंतर अनौरस मूल झालेले नसेल, तर त्यानंतरही मिळू शकेल, हा दुसरा.

सहा महिने! आपल्याकडे दहा दिवसांचे सुतक, तेरावा, मासिके, वर्षश्राद्ध अशी शोकाची उतरंड आहे. पण ती जातिधर्माने आणि कुळाचाराने घातलेली, आणि तिच्यात गेलेल्याच्या गतीचा विचार अधिक. मागे राहिलेल्यांच्या पोटाचा हिशेब मांडून ठरवलेली मुदत ही निराळी गोष्ट आहे. इंग्लंडच्या कारकुनांनी ती सहा महिन्यांची ठरवली. सहाच का, पाच किंवा नऊ का नाही, याचे उत्तर आदेशात नाही. आमचा तर्क असा की शोकाचे मोजमाप करण्याचा तो प्रयत्नच नव्हता. धक्क्यातून सावरून बाईने धुणे, शिवण, झाडलोट यांपैकी काही काम गाठावे, एवढाच तो अवधी. पुढची पावणेदोनशे वर्षे या मुदतीमागचे गृहीतक तेच राहिले. बदलत गेले ते आकडे.

दुसऱ्या अपवादातली औरस-अनौरसाची अटही लक्षात ठेवण्याजोगी आहे. मदत मुलाच्या पोटासाठी आणि चौकशी आईच्या चारित्र्याची, हा संसार पुढेही बराच काळ चालू राहिला. तिची शेवटची गाठ एकविसाव्या शतकात न्यायालयात सुटली. त्याकडे पुढे वळू.

सहा महिन्यांची सवलतही १८७० च्या दशकात डोळ्यांवर येऊ लागली. डिसेंबर १८७१ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डाने एक परिपत्रक काढले. एकच मूल असलेल्या धडधाकट विधवेला घरी राहून मदत देऊ नये. एकाहून अधिक मुले असतील तर त्यांतल्या एका-दोघांना वर्कहाउसमध्ये घेऊन तिची परीक्षा पाहावी, असा त्याचा आशय आहे. परिपत्रकाची भाषा अत्यंत सभ्य आहे. त्या सभ्यतेखालचा अर्थ असा की आईने आपल्या मुलांतून कोणते सरकारात द्यायचे ते निवडावे. मूल द्यायला तयार झाली तर ती खरी गरजू. नाही झाली तर तिला गरज नव्हतीच, म्हणून खर्च वाचला. पुढच्या पाचसहा वर्षांत घरी राहून मदत घेणाऱ्यांची देशभरातली संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. हे गरिबी घटल्याचे लक्षण आहे असे म्हणणारेही होते.

या परिपत्रकाच्या थोडे आधी, १८६४-६५ मध्ये, डिकन्सची ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातली बेटी हिगडन ही म्हातारी वर्कहाउसच्या भयाने घर सोडून रस्त्याला लागते. आपले दफन पॅरिशच्या पैशाने होऊ नये म्हणून तिने दफनापुरते पैसे अंगावरच्या वस्त्रात शिवून ठेवले आहेत. समीक्षकांनी बेटीला भाबडी, अतिरंजित ठरवले आहे. आम्हाला ते पटत नाही. त्या काळच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च पाहावेत. १९१३ साली मॉड पेम्बर रीव्ज यांचे ‘राउंड अबाउट अ पाउंड अ वीक’ हे लंडनच्या लॅम्बेथ भागातील कुटुंबांविषयीचे पुस्तक आले. आठवड्याला जेमतेम पौंडभर मिळकतीत चालणाऱ्या त्या घरांत पोराबाळांच्या पोटाला चिमटा काढूनही दफन-विम्याचा हप्ता चुकवला जात नाही. मध्यमवर्गीय सुधारकांना हा उधळेपणा वाटे. एक मूल गेले तर पॅरिशच्या शवपेटीची नामुष्की नको म्हणून उरलेल्यांच्या दुधातले पैसे बाजूला पडत, हे त्या पुस्तकाने समजून घेऊन सांगितले. बेटीच्या वस्त्रातले पैसे आणि लॅम्बेथच्या आईचा आठवड्याचा हप्ता यांत आम्हाला फरक दिसत नाही.

राज्यसंस्थेचा हात सैल झाला तो युद्धामुळे. येथेही आधी धर्मादाय होता. १८९९ साली बोअर युद्धाच्या वेळी किपलिंगने (हा आपल्या मुंबईत जन्मलेला) सैनिकांच्या मागे राहिलेल्या बायकापोरांसाठी ‘दि अ‍ॅब्सेंट-माइंडेड बेगर’ ही कविता लिहिली. आर्थर सलिव्हनने तिला चाल लावली. तिच्या गायनातून आणि विक्रीतून अडीच लाख पौंडांहून अधिक निधी जमला. कविता म्हणून ती सामान्य आहे, आणि किपलिंगलाही तिचा फारसा अभिमान नसावा. पण एका कवितेने सरकारला लाजवले असे क्वचित घडते. १९०१ पासून सामान्य सैनिकांच्या विधवांना सरकारी तिजोरीतून निवृत्तिवेतन मिळू लागले. त्यातही लष्कराच्या परवानगीने झालेल्या लग्नांच्या विधवांनाच.

पहिल्या महायुद्धात लाखो पुरुष लग्नसंबंधाच्या नोंदी पुरेशा न तपासता भरती झाले, आणि सरकारपुढे एक पेच उभा राहिला. सैनिकाच्या घरी त्याच्याबरोबर संसार करणारी, त्याच्या मुलांची आई असलेली, पण लग्नाची नसलेली बाई असेल तर तिला भत्ता द्यायचा की नाही? सरकारने द्यायचा ठरवले. कागदोपत्री तिचे नाव ‘अविवाहित पत्नी’ असे पडले. शब्दप्रयोग विनोदी वाटतो, पण त्यात व्यवहारज्ञान होते: पुरुष रणांगणावर जावा अशी इच्छा असेल तर त्याची चूल कोण पेटवते याची पंचाईत करून चालत नाही. उलट बाजूने, सैनिकांच्या विधवांच्या वर्तनावर नजर ठेवली जाई. मद्यपान, ‘अनैतिक’ राहणी असे आरोप सिद्ध झाले तर निवृत्तिवेतन थांबवण्याचा अधिकार सरकारनियुक्त समितीला होता. आईच्या चारित्र्याची १८४४ मधली चौकशी गणवेश घालून परत आली होती.

युद्धात मेलेल्याच्या विधवेला मिळते आणि खाणीत मेलेल्याच्या विधवेला का नाही, हा प्रश्न मग अटळ होता. १९२५ साली त्याचे उत्तर आले. नेव्हिल चेंबरलेन आरोग्यमंत्री आणि विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना विधवा, अनाथ आणि वृद्ध यांच्यासाठी वर्गणीवर आधारित निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. नवऱ्याने विम्याची वर्गणी भरलेली असेल तर विधवेला आठवड्याला १० शिलिंग. पहिल्या मुलामागे ५ आणि नंतरच्या प्रत्येकामागे ३ शिलिंग. रक्कम पोट भरण्याजोगी नव्हती. तरी या कायद्यात एक मोठी गोष्ट होती, आणि ती पुढे हरवली, म्हणून ती नोंदवली पाहिजे. वयाची अट नव्हती, मूल असण्याची अट नव्हती, उत्पन्नाची चौकशी नव्हती. पुनर्विवाह होईपर्यंत हे १० शिलिंग मिळत राहणार होते. त्या एका काळात शोकाला मुदत नव्हती.

ती परत आली बेव्हरिजबरोबर. १९४२ चा बेव्हरिज अहवाल हा कल्याणकारी राज्याचा जाहीरनामा मानला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु विधवांच्या बाबतीत बेव्हरिजचा सूर कठोर आहे. काम करू शकणाऱ्या, मूल नसलेल्या तरुण स्त्रीला केवळ ती विधवा झाली म्हणून आजन्म निवृत्तिवेतन का द्यावे, असा त्याचा सवाल होता. सवाल अगदीच अन्यायाचा नव्हता. स्त्रीला कमावती व्यक्ती मानण्याचे बीज त्यात होते. पण याच अहवालात विवाहित स्त्रीचे मुख्य काम घर सांभाळणे हे गृहीत धरलेले आहे. नवरा असेपर्यंत तिने घरी असावे आणि तो गेल्यावर लगेच ती बाजारात कमावती म्हणून उभी राहावी, ही अपेक्षा एकाच अहवालात सुखाने नांदते.

५ जुलै १९४८ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय विम्याने ही रचना अशी बसवली: पहिले १३ आठवडे वाढीव दराने, आठवड्याला ३६ शिलिंग, नंतर मुले लहान असतील तर विधवा मातेचा भत्ता, नवरा वारला तेव्हा वय ५० च्या वर असेल आणि संसार पुरेशा वर्षांचा झाला असेल तर निवृत्तिवेतन, बाकीच्यांना काही नाही. सहा महिन्यांचे तेरा आठवडे झाले. जुन्या कायद्याखालच्या काही विधवांचे १० शिलिंग मात्र तसेच चालू ठेवले गेले, आणि तेवढेच. ‘दहा शिलिंगवाल्या विधवा’ हे त्यांचे नावच पडले. महागाई वाढत गेली, नाणे तेच राहिले, आणि पार्लमेंटमध्ये त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे कुणी ना कुणी उभे राहून बोलत राहिले.

येथे थोडे थांबून या दहा शिलिंगांकडे पाहणे इष्ट आहे. सरकारी मदतीतील कपात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड येते, मोर्चे येतात, मथळे येतात. आमच्या मते सर्वांत परिणामकारक कपात कुणाला दिसतही नाही. आकडा तसाच ठेवायचा, बस. दफनखर्चाच्या अनुदानाचे उदाहरण घ्या. बेटी हिगडनच्या भयावर कल्याणकारी राज्याने दिलेले ते उत्तर होते. १९४९ पासून मृत्यूनंतर, श्रीमंत-गरीब न पाहता, २० पौंड मिळू लागले. साधे दफन त्यात होत असे. १९६७ साली ती रक्कम ३० पौंड झाली. त्यानंतर वीस वर्षे ती ३० पौंडच राहिली, आणि ही वीस वर्षे ब्रिटनमध्ये भडकलेल्या महागाईची होती. शेवटी त्या पैशात फुलांचा खर्च निघणेही कठीण झाले. मग १९८७ साली, या नगण्य रकमेला आता काही अर्थ उरला नाही असे म्हणून, ते अनुदान रद्द करण्यात आले. त्याला अर्थ उरू नये याची तजवीज कोणी केली होती, हा प्रश्न विचारायला तेव्हा फारसे कुणी उरले नव्हते. त्याच्या जागी केवळ अत्यंत गरजूंना, चौकशीअंती, मदत देण्याची योजना आली. तिच्यातही अंत्यविधीच्या ‘इतर खर्चां’ची मर्यादा २००३ ते २०२० अशी सतरा वर्षे ७०० पौंडांवर खिळलेली होती, २०२० च्या एप्रिलमध्ये ती १००० झाली. दफन-विम्याचा हप्ता भरणाऱ्या लॅम्बेथच्या बाईला हे सारे ओळखीचे वाटले असते.

मधल्या काळाचा आढावा थोडक्यात उरकता येईल. १९६४ मध्ये विधवांच्या कमाईनुसार भत्ता कापण्याचा नियम रद्द झाला. १९६६ मध्ये १३ आठवड्यांचे २६ झाले, म्हणजे गाडी पुन्हा सहा महिन्यांवर आली. १९७० च्या कायद्याने निवृत्तिवेतनाची वयोमर्यादा ४० पर्यंत खाली आणली. हा या इतिहासातला त्यातल्या त्यात उदार पट्टा. १९८८ मध्ये वयोमर्यादा पुन्हा ४५ वर गेली आणि २६ आठवड्यांचा भत्ता जाऊन त्याजागी एकरकमी १००० पौंड आले. शोकाची मुदत आता एका धनादेशाएवढी झाली.

यानंतरचे वळण वाङ्मयाच्या अभ्यासकांना विशेष रोचक वाटेल, कारण ते शब्दांत घडले. २००१ पर्यंत हे सारे भत्ते ‘विडो’चे होते. ‘विडो’ आणि आपला ‘विधवा’ हे एकाच मूळ भारोपीय शब्दाचे वंशज आहेत. (‘धव’ म्हणजे पती, ‘वि-धवा’ म्हणजे पतीविना, ही आपल्याला शिकवलेली व्युत्पत्ती उलटी आहे, भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘विधवा’ हा शब्द आधीचा आणि ‘धव’ हा त्याच्यातून मागाहून काढलेला.) हजारो वर्षे हा शब्द बाईला चिकटून राहिला. विधुराला भत्ता नव्हता. ज्याची बायको कमावती होती, जिने आयुष्यभर विम्याची वर्गणी भरली, त्या पुरुषाला ती गेल्यावर मुलांसाठी काहीही मिळत नसे. अशाच एका विधुराने स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात सरकारला खेचले आणि जून २००२ मध्ये विलिस खटल्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला. तोवर सरकारने कायदा बदललेलाच होता: १९९९ च्या कायद्यानुसार एप्रिल २००१ पासून भत्ते स्त्रीपुरुष दोघांनाही लागू झाले. ‘विडो’ जाऊन ‘बिरीव्हमेंट’ आले.

‘बिरीव्ह’ या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ लुटणे, हिरावून घेणे. तेव्हा नवा शब्द जुन्यापेक्षा खोल आहे असेच म्हणावे लागेल. व्यवहारात मात्र त्याने काय केले? एकरकमी १००० चे २००० झाले, आणि मुले असलेल्या विधुरांना प्रथमच दरआठवड्याचा भत्ता मिळू लागला. हे चांगलेच झाले. परंतु ४५ वर्षांवरील विधवांना मिळणारे दीर्घ मुदतीचे निवृत्तिवेतन नव्याने विधवा होणाऱ्यांसाठी बंद झाले. त्याऐवजी स्त्रीपुरुष दोघांनाही ५२ आठवडे. समानता आली, ती बाईला खाली उतरवून. समतेच्या नावाने निघालेल्या कायद्याला विरोध करणे अवघड असते, हे त्या सरकारच्या ध्यानात असणारच. ते २००० पौंडही पुढील सोळा वर्षे २००० च राहिले.

आता २०१७. डिसेंबर २०११ मध्ये सरकारने ‘एकविसाव्या शतकासाठी’ शोकभत्त्यांची फेररचना करण्याचा मसुदा काढला. २०१४ च्या पेन्शन्स कायद्यात तिला जागा मिळाली आणि ६ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. जुन्या व्यवस्थेत मुले असलेल्या विधवा वा विधुराला, मुलाचा बालभत्ता चालू असेपर्यंत, आठवड्याला जास्तीत जास्त ११२ पौंड ५५ पेन्स (२०१६-१७ चा दर) मिळत. मूल तान्हे असेल तर हे पंधरा-वीस वर्षेही चाले. नव्या ‘बिरीव्हमेंट सपोर्ट पेमेंट’मध्ये मुले असतील तर ३५०० पौंड एकरकमी आणि दरमहा ३५०, अठरा महिने, मुले नसतील तर २५०० आणि दरमहा १००. अठरा महिने संपले की मूल दोन वर्षांचे असो वा बारा, मामला संपला.

या अठरा महिन्यांची गंमत सांगण्याजोगी आहे. मूळ प्रस्तावात मुदत वर्षाची होती: मुले असलेल्यांना ५००० एकरकमी आणि दरमहा ४०० पौंड. एक वर्ष फार थोडे आहे, अशी टीका झाली. सरकारने ती ऐकली आणि मुदत दीडपट केली. आता वाचकांनी हिशेब करावा. ५००० अधिक बारा वेळा ४०० म्हणजे ९८००. ३५०० अधिक अठरा वेळा ३५० म्हणजे ९८००. मुले नसलेल्यांचेही तसेच: बारा महिन्यांच्या प्रस्तावात ४३००, अठरा महिन्यांच्या कायद्यात ४३००. एक पेनी न वाढवता मुदत वाढवली गेली. गहू तेवढाच, पोळ्या पातळ.

जुन्या-नव्याची तुलना करताना न्याय दोन्ही बाजूंना मिळाला पाहिजे. जुन्या भत्त्यावर आयकर होता, नव्यावर नाही. जुना भत्ता मिळाला की गरिबांच्या इतर मदतीतून तो बव्हंशी वजा होई; नवा तसा होत नाही. तेव्हा अत्यंत गरीब कुटुंबांना पहिल्या दीड वर्षात नव्या योजनेत अधिक पैसे हातात पडले, हे खरे आहे, आणि सरकारने ते वारंवार सांगितले. नवऱ्याच्या वा बायकोच्या मृत्यूनंतर माणसाने सरकारी पैशावर अवलंबून राहू नये, कामाला लागावे, हेही सांगितले. पण सरळ हिशेब मांडला तर जुन्या व्यवस्थेतील २००० पौंड वगळता उरणारे ७८०० पौंड आठवड्याला ११२.५५ या दराने एकोणसत्तर आठवड्यांत फिटत. ज्याचे धाकटे मूल त्याहून अधिक काळ अवलंबून राहणार होते, त्या प्रत्येकाचे, कर आणि इतर मदत यांचा फरक सोडता, नुकसान होते. मूल सहा वर्षांचे असेल तर ते दहा वर्षांत जवळजवळ अठ्ठावन्न हजार पौंडांच्या जागी दहा हजारांहून कमी, असे होते. आणि दशेची पुनरावृत्ती पाहा: २०१७ मध्ये ठरलेले हे ३५०० आणि ३५० निदान २०२४ पर्यंत तेथेच होते.

कायदा ६ एप्रिलपासून लागू होणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे त्या वसंतात एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. असाध्य रोगाने अंथरुणाला खिळलेले आईबाप आपण ५ एप्रिलच्या आत गेलो तर मुलांना किती आणि नंतर गेलो तर किती, याचा हिशेब करत असल्याच्या बातम्या ब्रिटिश वर्तमानपत्रांत आल्या. उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म आपल्या परिचयाचे आहेत. कॅलेंडर बदलण्याआधी मरण यावे म्हणून झुरणारा बाप हा त्या कथेचा उफराटा अवतार. कायदे करणाऱ्यांना हे सुचले नव्हते असे नाही; कुठलीही तारीख ठरवली तरी तिच्या अलीकडे-पलीकडे कुणीतरी असणारच, असे ते म्हणू शकतात. तरीही या बातम्या वाचल्यावर ‘सुलभीकरण’ हा सरकारी शब्द वाचवत नाही.

आता त्या जुन्या गाठीकडे. जुना भत्ता असो वा नवा, तो लग्नाच्या जोडप्यांनाच होता. जानेवारी २०१४ मध्ये उत्तर आयर्लंडमधील एक गृहस्थ वारले. जोडीदारीणीबरोबर त्यांनी जवळपास तेवीस वर्षे संसार केला होता. चार मुले होती, धाकटे अकरा वर्षांचे. विम्याची वर्गणी भरलेली होती. त्यांनी लग्न केले नव्हते, कारण त्यांनी आपल्या मृत पहिल्या पत्नीला पुन्हा लग्न न करण्याचे वचन दिले होते. एका कादंबरीकाराने हे योजले असते तर आम्ही त्याला कृत्रिम म्हटले असते. सरकारने भत्ता नाकारला. मॅकलॉफ्लिन खटला म्हणून प्रसिद्ध झालेल्या या प्रकरणात ३० ऑगस्ट २०१८ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की हा भत्ता मुख्यतः मुलांच्या हितासाठी आहे, आणि आईबापांनी लग्न केले नाही म्हणून मुलांना तो नाकारणे मानवी हक्कांशी विसंगत आहे. लेडी हेल यांनी लिहिलेले निकालपत्र आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. इतके निर्मळ इंग्रजी गद्य हल्ली कादंबऱ्यांतही दुर्मीळ आहे. मागून, फेब्रुवारी २०२० मध्ये, नव्या भत्त्याच्या बाबतीतही उच्च न्यायालयाने तेच सांगितले. पहिल्या महायुद्धातल्या कारकुनांना जे १९१४ मध्ये सुचले होते, ते न्यायालयाला पुन्हा शोधून काढावे लागले.

निकाल लागला म्हणून पैसे मिळाले असे झाले नाही. त्या देशात न्यायालय कायदा विसंगत आहे एवढेच जाहीर करू शकते; तो बदलणे पार्लमेंटच्या हाती. साडेचार वर्षे गेली. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी दुरुस्तीचा आदेश अमलात आला आणि अविवाहित जोडीदारांना, मुले असतील तर, भत्ता मागता येऊ लागला. जुन्या मृत्यूंबाबत अर्ज करण्यास एक वर्ष दिले गेले. आदेश पूर्वलक्षी होता, पण ३० ऑगस्ट २०१८ पर्यंतच. त्या दिवशी ज्यांचे मूल अजून अवलंबून होते, त्यांना त्या दिवसापासून पुढचे मिळाले. ज्यांचा जोडीदार त्याआधी गेला, आणि ज्यांचे धाकटे मूल त्या ऑगस्टच्या आधीच शिकून बाहेर पडले होते, त्यांना मागच्या वर्षांचे काही मिळाले नाही.